रेसिंग मशीन घेताना आधी सीटा मोजा, स्क्रीन नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकला मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर अडीच हजार चौरस फुटांचा गेम झोन उभा राहतोय. रेसिंगसाठी ३० लाख बाजूला काढलेत. विक्रेता हलणाऱ्या प्लॅटफॉर्मचं, तीन स्क्रीनचं एक मोठं मशीन आणि सोबत दोन साधी, असं पॅकेज देतोय. दुसरीकडे जपानची जुनी मशिनं निम्म्या भावात मिळताहेत. काय घ्यावं?

एकाच मॉडेलची चार साधी मशिनं घ्या, एकमेकांना लिंक केलेली, म्हणजे चौघं एकाच शर्यतीत धावतील अशी. उरलेल्या पैशांत सुटे भाग, वायरिंग आणि यूपीएस. मोठं हलणारं मशीन पहिल्या वर्षी नको. जुनं जपानी घेताना काय बघायचं ते पुढे सांगतो, पण धंद्याचा पाया त्यावर रचू नका.

लिंक कशासाठी? मॉलमध्ये रेसिंग खेळायला माणूस एकटा क्वचित येतो. कॉलेजची चौकडी येते, भावंडं येतात, बाप-लेक येतात. दोन सीटा असल्या की दोघं खेळतात, बाकीचे दोघं मोबाइल काढतात आणि पुढच्या फेरीआधी सगळेच उठून जातात. चार सीटा असल्या की चौघांची कार्डं एकदम स्वाइप होतात, आणि हरलेला पुन्हा खेळायला मागतो. ही गोष्ट काही नवी नाही. सेगाच्या १९९४ च्या डेटोना यूएसएमध्ये आठ मशिनं जोडता यायची, आणि त्या रांगेमुळेच तो गेम इतकी वर्षं टिकला. फरक एवढाच की तेव्हा लिंक ऑप्टिकल फायबरच्या वर्तुळातून जायची. मधलं एक मशीन बंद पडलं की वर्तुळ तुटायचं. आजच्या मशिनांत प्रत्येकाची नेटवर्क केबल एका स्विचला (केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याला) जाते, त्यामुळे एक पडलं तरी बाकीची तीन चालतात. जुन्या मालात रस असेल तर लिंक कोणत्या प्रकारची, हा पहिला प्रश्न विचारा.

आता हिशेब. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, त्या जागी तुमचे घाला. शर्यत दोन मिनिटांची, गाडी आणि ट्रॅक निवडण्यात अर्धं मिनिट, उठण्या-बसण्यात अर्धं. म्हणजे एका सीटवर तासाला जास्तीत जास्त २० फेऱ्या, आणि त्या फक्त कागदावर. रविवारी संध्याकाळी १२ झाल्या तरी छान. एका सीटला सोमवार ते शुक्रवार रोज १२ फेऱ्या आणि शनिवार-रविवार रोज ४५ धरल्या, तर आठवड्याला १५०, महिन्याला साधारण ६५०. बोर्डावर भाव १०० रुपये असला तरी तुम्ही १,००० च्या रिचार्जवर १,३०० चा बॅलन्स देणार, त्यातून जीएसटी जाणार. हाती ६५ रुपये धरा. इथेच बहुतेक प्रकल्प अहवाल गंडतात, कारण ते बोर्डावरच्या भावाने गुणाकार करतात. सीटमागे ४२,२५० रुपये, चार सीटांचे १,६९,०००.

खर्चात चार मशिनांना, उभं राहण्याची आणि चालण्याची जागा धरून, १६० चौरस फूट लागतात. भाडं १५० रुपये फुटामागे धरलं तर २४,०००. काउंटर, सामाईक वाटा आणि स्टोअर यांच्या जागेचा हिस्सा घातला की ४८,०००. वीज प्रत्येकी ४०० वॉट, ११ तास, ३० दिवस, म्हणजे ५२८ युनिट. १५ रुपये दराने ८,००० च्या आसपास. पगार आणि दुरुस्तीचा वाटा २५,०००. उरले ८८,०००. मशिनांवर २४ लाख घातले असतील तर सव्वादोन वर्षांत वसूल.

या गणितातली खरी गोम पुढे आहे. एक सीट महिनाभर बंद राहिली तर ४२,००० बुडतात, पण भाडं आणि पगार थांबत नाहीत. म्हणजे चारपैकी एक सीट बंद, आणि नफा जवळजवळ निम्मा. तीस हजार स्वस्त मिळालेलं मशीन एका पेडलसाठी तीन आठवडे बंद राहिलं की तो फायदा तिथेच संपला. म्हणून मशीन निवडताना ग्राफिक्सच्या आधी एकच गोष्ट पाहायची: हे बिघडल्यावर माझ्या गावात किती दिवसांत सुरू होईल?

रेसिंग मशीन बिघडतं ते बहुतेक वेळा हाता-पायांखाली. संगणकाचा भाग त्या मानाने शांत असतो. स्टिअरिंगच्या दांड्याला ते किती फिरलं हे मोजणारा एक पोटेन्शिओमीटर, थोडक्यात ‘पोट’, असतो (सेगाच्या अनेक मशिनांत ५ किलोओहमचा). तो गिअरने किंवा कपलिंगने फिरतो. कपलिंगचा बारीक स्क्रू ढिला झाला की सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते. कारागीर मशीनच्या टेस्ट मेनूत जाऊन कॅलिब्रेशन करतो, म्हणजे मध्य आणि टोकं पुन्हा ठरवून देतो, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. आधी स्क्रू आवळायचा, त्यावर थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या डिंकाचा) थेंब द्यायचा, मग कॅलिब्रेशन. ठरावीक एकाच जागी स्टिअरिंग थरथरत असेल तर पोटचा ट्रॅक तिथे झिजलाय. स्प्रे मारून आठवडा निघतो, उपाय बदलणं हाच. गाडी पूर्ण वेग घेत नसेल तर इंजिनात काही नाही, अ‍ॅक्सिलरेटरचं कमाल मूल्य सरकलंय. ब्रेकचं पेडल सगळ्यात आधी जातं, कारण लोक त्यावर लाथ मारतात. तिथला प्लास्टिकचा छोटा गिअर दात सोडतो. पेडलचं असेंब्ली ओतीव धातूचं आहे का, आणि चार बोल्ट काढून समोरून बाहेर येतं का, हे खरेदीआधी झोपून बघा. पँट मळेल, मळू दे.

फोर्स फीडबॅकची, म्हणजे स्टिअरिंगमधून हाताला झटके आणि जोर देणारी मोटर आणि तिला चालवणारा ड्राइव्ह बोर्ड हा महागडा भाग. मोटर बेल्टने स्टिअरिंगला जोडलेली असते. बेल्ट ढिला पडला की वळणावर कट्कट् आवाज येतो. ड्राइव्ह बोर्ड उष्णतेने जातो, आणि उष्णता येते ती बंद पडलेल्या ८० रुपयांच्या पंख्यामुळे. सुरू होताना मशीन स्वतःहून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून मधला बिंदू शोधतं. त्या वेळी कोणी स्टिअरिंग धरून ठेवलं तर चुकीचा मध्य पकडला जातो किंवा एरर येतो. सकाळी मशीन चालू करणाऱ्या पोराला एवढं एकच वाक्य शिकवा: पहिला मिनिटभर हात लावायचा नाही.

गिअरच्या बाबतीत वर-खाली ढकलायचा लिव्हर घ्या. त्यात दोन मायक्रोस्विच असतात. एच आकाराच्या चार गिअरांच्या लिव्हरमध्ये स्विच जास्त, खाचा जास्त, आणि आपल्याकडे ताकद लावून गिअर टाकण्याची हौस दांडगी. सीटची सरकपट्टी दोन्ही बाजूंनी आधारलेली हवी, कारण एका सीटवर दोघं बसणारच. ती वाकली की मागेपुढे सरकत नाही, मग लहान मुलाचा पाय पेडलपर्यंत पोचत नाही आणि तो ग्राहक गेला. साधारण १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला पुढे सरकवलेल्या सीटवर बसवून बघणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे.

या कसोट्या लावल्या की नावं आपोआप गाळली जातात. रॉ थ्रिल्सचं क्रूझन ब्लास्ट (२०१७) रंगीत, सोपं, भिंतीला धडकलं तरी पुढे जाणारं आहे. पहिल्यांदा बसणाऱ्याला जमतं, आणि मॉलमध्ये पहिल्यांदा बसणारेच जास्त. सेगाचं डेटोना चॅम्पियनशिप यूएसए (२०१७) जरा कसबाचं, पण चार-सहाच्या रांगेत रंगतं. बांडाई नामकोचं मारिओ कार्ट आर्केड जीपी डीएक्स (२०१३) चार जणांपर्यंत लिंक होतं आणि कुटुंबांना आवडतं, मात्र त्याचा विक्रेता सुटे भाग देतो का हे आधी बघा. अगदी खरीखुरी ड्रायव्हिंग सिम्युलेटर, बेल्टशिवाय थेट स्टिअरिंगला जोडलेली मोटर, तीन पेडलं वगैरे, ही वेगळ्या गिऱ्हाइकाची वस्तू आहे. त्याला तासाचा दर लावतात, दोन मिनिटांचा नाही. मॉलमध्ये पहिल्याच वळणावर गाडी फिरली की नवखा माणूस पुन्हा येत नाही.

बाइकचं एखादं मशीन घ्यावं का? दुचाकीच्या वेडाच्या गावात चालतं. पण साडी किंवा अरुंद कुर्ता घातलेली व्यक्ती त्यावर बसत नाही, आणि झुकणाऱ्या बाइकचं बेअरिंग व स्प्रिंग दोन जण बसले की लवकर जातात. पाचवं मशीन म्हणून ठीक, पहिल्या चारांत नको.

मोठ्या हलणाऱ्या मशीनबद्दल माझं मत कडक आहे ते याच हिशेबामुळे. पट्टा लावा, फाटक बंद करा, ऑपरेटरने बटण दाबायचं, फेरी, उतरा: पाच मिनिटं गेली, खेळला एक किंवा दोघं. ऑपरेटर नसेल तर ते चालूच ठेवता येत नाही. बंद पडलं तर दारातच बंद पडलेली मोठी वस्तू दिसते. लोक थांबून व्हिडिओ काढतात हे खरं, पण त्याचे पैसे मिळत नाहीत. दुसऱ्या वर्षी, पहिल्या चारांच्या कमाईतून आणा.

आता जुनी जपानी. तिथल्या मशिनांना १०० व्होल्ट लागतात, आपल्याकडे २३०. बाजारात सहज मिळतो तो ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. त्यावर ती चालतात, पण जास्त तापू शकतात आणि पॉवर सप्लाय लवकर जाण्याचा धोका राहतो. १०० व्होल्टचाच, सीटमागे किमान १ केव्हीएचा बनवून घ्या. दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. इनिशियल डी आणि मॅक्सिमम ट्यून या रेसिंग गेमच्या अलीकडच्या जपानी आवृत्त्या तिथल्या कंपनीच्या नेटवर्कला जोडून चालण्यासाठी बनल्यात. बाहेर आणल्या की खेळाडूची कार्डं, गाड्यांची सुधारणा, सगळी गंमत बंद होते, कधी मशीन मुख्य खेळापर्यंत येतच नाही. तिसरी, की-चिप किंवा डोंगल, म्हणजे गेम सुरू करणारी इलेक्ट्रॉनिक किल्ली. तो बोटाएवढा तुकडा नसेल तर बोर्ड म्हणजे भंगार. चौथी, वय. सेगाच्या २००५ च्या लिंडबर्ग बोर्डात पेंटियम ४ आणि एजीपी प्रकारचं ग्राफिक्स कार्ड आहे, ते आज जुन्या बाजारातच शोधावं लागतं. ट्यूबचा मॉनिटर असलेलं काहीही घेऊ नका, तो दुरुस्त करणारे हात कमी झालेत. घ्यायचंच असेल तर परदेशी विक्रीची आवृत्ती, मूळ डोंगलसह, आणि तुमच्यासमोर चार तास सलग चालवून दाखवलेलं.

चीनच्या ग्वांगझूमधल्या पान्यू भागातून येणारी मशिनं सरसकट वाईट नाहीत. तिथे अधिकृत परवान्याने बनणारा मालही आहे. वाईट आहे ती नक्कल: दुसऱ्याच्या गेमची तोडलेली प्रत, घरगुती टीव्ही आणि पातळ पत्रा. ओळखायला सोपी. मशीन सुरू होताना विंडोजचा डेस्कटॉप दिसतो, माहितीपुस्तिकेत वायरिंगचा नकाशा नसतो, आणि विक्रेता भागाचा क्रमांक सांगू शकत नाही. परवान्याचं पत्र मागा. आयात स्वतः करत असाल तर नाण्या-कार्डांवर चालणाऱ्या खेळांचं सीमाशुल्क शीर्षक ९५०४ ३० आहे, आणि व्हिडिओ गेम इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणी आदेशातही आहेत (आधी २०१२ चा, आता त्या जागी २०२१ चा). तुमच्या मालाला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी लागते का, आणि वापरलेला माल सुटेल का, हे कस्टम एजंटकडून आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी घ्या. न्हावा शेव्याला कंटेनर अडकला की दिवसाचं भाडं तुमच्या खात्यावर चढत राहतं.

जागेचं. साधं एक सीटचं मशीन साधारण एक मीटर रुंद, दोन मीटर खोल, सव्वादोन मीटर उंच आणि ३०० किलोच्या आसपास असतं. दोन तुकड्यांत सुटतं: पुढचा भाग आणि सीट. मॉलच्या मालवाहू लिफ्टचं दार आणि तुमच्या काचेच्या दाराची उंची टेपने मोजा, आर्किटेक्टच्या नकाशावर विसंबू नका. स्लॅबला हे वजन जड नाही, पण खाली पोकळ बसलेली टाइल मशीनच्या चाकाखाली फुटते, म्हणून पायांखाली पट्ट्या द्या. पोटमाळ्यावर ठेवायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र हवंच. मागे ६० सेंटिमीटर सोडा किंवा मशीन पुढे ओढता येईल एवढी केबल मोकळी ठेवा. मागची जाळी भिंतीला टेकली की पंखा गरमच हवा फिरवतो. केबल येण्याच्या भोकांना तारेची जाळी मारा. पॉपकॉर्न सांडतो तिथे उंदीर येतात, आणि उबदार कॅबिनेट त्यांना फार आवडतं. कोकणात किंवा मुंबईत शाखा काढलीत तर आणखी एक: रात्री एसी बंद झाला की दमट हवेने पेडलच्या स्प्रिंगा गंजतात, त्यांना महिन्यातून एकदा ग्रीस लागतं.

वीज स्वस्तात उरकू नका. चार मशिनांना मिळून ७-८ अँपिअर लागतात, पण सुरू होतानाचा झटका मोठा असतो. त्यामुळे एमसीबी सी प्रकारचा १६ अँपिअरचा घ्या आणि मशिनं एकेक करून चालू करा. ३० मिलिअँपिअरच्या एका आरसीसीबीवर (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) चारपेक्षा जास्त मशिनं नकोत. प्रत्येक पॉवर सप्लायची थोडी गळती असते, बेरीज झाली की भर रविवारी विनाकारण ट्रिप होतं आणि इलेक्ट्रिशियन आरसीसीबीच काढून टाकतो. तसं होऊ देऊ नका. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. अर्थिंग खराब असेल तर नायलॉनच्या गालिच्यावरून आलेल्या माणसाच्या स्पर्शाने मशीन रीसेट होतं. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत डिस्क खराब होते. म्हणून यूपीएस फक्त गेमच्या संगणकाला द्या. मोटर आणि स्क्रीन त्यावर टाकली तर तो पुरणार नाही.

आणखी एक घोटाळ्याची जागा: मशीनच्या आत इनपुट बोर्डाला जाणारी केबल दिसायला यूएसबीसारखी असते, पण जेव्हीएस (आर्केड मशिनांतल्या जोडणीची जपानी पद्धत) असेल तर तिच्यातून यूएसबीचा सिग्नल जात नाही. तिथे पेनड्राइव्ह किंवा मोबाइलचा चार्जर लावू नका. लांबच्या किंवा हलक्या केबलने मशीन मधूनच इनपुट बोर्ड सापडत नसल्याचा एरर देतं.

कार्ड रीडर नाण्याच्या जागी जोडला जातो आणि प्रत्येक स्वाइपला एक पल्स, म्हणजे नाणं पडल्यासारखा विजेचा छोटा इशारा, देतो. ५० ते १०० मिलिसेकंदांचा पल्स बहुतेकांना चालतो. फार छोटा असेल तर मशीन वाचत नाही, फार लांब असेल तर नाणं अडकल्याचा एरर. गेममध्ये एक नाणं, एक क्रेडिट ठेवा आणि किंमत रीडरमधूनच बदला. काही मशिनं आतला नाण्यांचा मीटर काढला की एरर दाखवतात, तो तसाच राहू द्या. दर सोमवारी मशीनच्या हिशेबाच्या पानावरच्या फेऱ्या आणि कार्ड सिस्टिमच्या फेऱ्या जुळवा. मशीनवर जास्त असतील तर एकतर दुहेरी पल्स पडतोय, नाहीतर कोणीतरी आतलं सर्व्हिस बटण दाबून मित्रांना फुकट खेळवतोय.

करारात तीन ओळी घाला: एकूण रकमेतले १० टक्के ३० दिवस सुरळीत चालल्यावर, पेडल, पोट, ड्राइव्ह बोर्ड भारतातल्या साठ्यातून ७२ तासांत, चारही मशिनांत सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती. आवृत्ती वेगळी असेल तर लिंक होत नाही. दोन मशिनांना एकच क्रमांक दिला असेल तरीही होत नाही, आणि हा दोष उभारणीच्या दिवशी हमखास निघतो. ताबा घेताना प्रत्येक सीटवर टेस्ट मेनूत स्टिअरिंग आणि पेडलांचे आकडे टोकापासून टोकापर्यंत न उडता सरकतात का ते पाहा. मग चौघांना बसवून सलग दोन तास लिंक शर्यती लावा, आणि मध्येच एका मशीनची वीज तोडून बाकीची तीन टिकतात का बघा. सुट्या भागांत सहा पोट, सहा मायक्रोस्विच, दोन बेल्ट, चार पंखे, एक पूर्ण पेडल संच, एक पॉवर सप्लाय आणि एक ड्राइव्ह बोर्ड पहिल्या दिवसापासून कपाटात हवेत.

परवान्यांकडे उशिरा बघू नका. आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लर या शब्दाला जुगाराचा वास लागलाय, त्यामुळे अर्जासोबत प्रत्येक मशीनचं नाव, फोटो आणि ते रोख बक्षीस देत नाही हे लिहून द्या. २५ मे २०२४ च्या राजकोटच्या गेम झोनमधल्या आगीनंतर अग्निशमन दाखल्याची तपासणी कडक झाली आहे, आणि ती व्हायलाच हवी होती. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं फॉर्म बी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून द्यावं लागतं. मशिनांची रांग बाहेर पडण्याच्या वाटेत येत असेल तर रांगच हलवा.

रांग दारातून दिसेल अशी, पण मशिनांची पाठ दाराकडे नको. खेळणाऱ्याचा चेहरा नाही दिसला तरी चालेल, चारही स्क्रीन दिसल्या पाहिजेत. लिंकची वाट पाहण्याचा वेळ १५ सेकंद ठेवा. अवघडपणा एक पायरी खाली आणा, म्हणजे पहिल्या शर्यतीत प्रत्येकजण शेवटच्या रेषेपर्यंत पोचेल. जिंकणाऱ्याला फुकट फेरी देण्याची सोय शनिवार-रविवारी बंद, मधल्या दिवशी चालू. आणि एखादं मशीन बंद पडलंच तर ते ढकलून रांगेच्या टोकाला न्या, मधे ठेवू नका. मधल्या रिकाम्या सीटमुळे तिघांचा घोळका दोन तुकड्यांत बसतो.